रिझर्व्ह शिराझ तुरट का लागते, आणि मटणासोबत ती कशी जमवायची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटायला नको. नाशिकहून पाहुण्यांनी रिझर्व्ह शिराझ या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. पहिली तुम्ही मे महिन्यातल्या रविवारी, मटण आणि तांबड्या रश्श्याच्या बेताला उघडली. तोंड कोरडं पडलं, घसा जळला, मागे कडवटपणा राहिला आणि निम्मी बाटली तशीच उरली. आता दुसरी बाटली सहा जणांच्या जेवणाला उघडायची आहे, त्यातले दोघे शाकाहारी आहेत. वाइन खराब होती का, ती नीट चाखायची कशी आणि सोबत काय रांधायचं, हे तुम्हाला हवं आहे.

माझं काम नाशिक भागातल्या वायनरीत. आधी सेलरमध्ये होतो, आता बरीच वर्षं टेस्टिंग रूम सांभाळतो. त्यामुळे हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेकांना वाटतं की अडचण ‘मटण की चिकन’ अशी आहे. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून वाइन बहुधा चांगलीच होती. ती गरम होती, आणि तिच्यासमोर तिला न झेपणारं तिखट होतं. मसाला आणि तिखट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा ध्यानात आलं की मराठी स्वयंपाकातले निम्मे पदार्थ या वाइनसोबत सुंदर जमतात. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. बाटली नक्की कुठली, तिचं साल कुठलं, ती दुकानात कशी ठेवली होती, हे मला ठाऊक नाही. ‘रिझर्व्ह’ शब्दावरून फारसं कळत नाही. स्पेनमध्ये लाल वाइनवर ‘रेझेर्व्हा’ लिहायचं तर ती किमान ३६ महिने मुरवावी लागते, त्यातले किमान १२ महिने लाकडी पिंपात. आपल्या बाटल्यांवरच्या ‘रिझर्व्ह’वरून एवढंच धरायचं की उत्पादकाने ती आपल्या वरच्या वाइनमध्ये ठेवली आहे आणि बहुधा ओकच्या लाकडी पिंपात, म्हणजे बॅरलमध्ये, काही महिने मुरवली आहे. मागचं लेबल वाचा. बॅरलचे महिने आणि अल्कोहोलचं प्रमाण तिथे पाहा. साडेतेरा-चौदा टक्के असेल तर मी पुढे जे लिहितो ते तुमच्या बाटलीला लागू आहे. तुमच्या घरच्या जिभेला किती तिखट चालतं, हेही मला इथून सांगता येणार नाही. सातारकर आणि नागपूरकर ‘बेताचं तिखट’ म्हणतात तेव्हा दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळी कढई असते.

आधी तोंड कोरडं का पडतं ते. शिराझ म्हणजे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं सिरा नावाचं द्राक्ष. द्राक्ष लहान, काळंभोर, रस मात्र जवळजवळ बिनरंगी. रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट आणि बियांसकट आंबवतात. आमच्याकडे टाकीत तापमान साधारण २५ ते २८ अंशांच्या आसपास राखतो आणि वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून अनेकदा रसात भिजवत राहतो. या भिजण्यात रंगाबरोबर टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्यही उतरतं. पुढे ओकच्या पिंपातून आणखी थोडं येतं. तोंडात गेल्यावर हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं. लाळेचा बुळबुळीतपणा जातो, जीभ हिरड्यांना घासल्यासारखी वाटते. जांभूळ खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जे होतं तेच इथे होतं. यात खराबी काही नाही, हा या वाइनचा कणा आहे. मटणाच्या घासातली प्रथिनं आणि चरबी तोंडात असली की टॅनिनला पकडायला लाळेखेरीज दुसरंही काही मिळतं, आणि तीच वाइन मऊ लागते. म्हणूनच भरदार लाल वाइन नुसती पिऊन तिच्याबद्दल मत बनवू नये, असं मी टेस्टिंग रूममध्ये प्रत्येकाला सांगतो.

दुसरं कारण अपेक्षेचं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची पहिली वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली गोड पोर्ट. ‘ड्राय’ वाइनमध्ये साखर जवळजवळ नसते. युरोपीय संघाच्या नियमात ड्राय म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर. आम्लता पुरेशी असेल तर ९ ग्रॅमपर्यंत चालते. वास जांभळाचा, मनुकांचा, व्हॅनिलाचा येतो, नाक गोडाची तयारी करतं आणि जिभेवर गोड येतच नाही. पहिल्या घोटाची निराशा निम्मी तिथली असते. ती दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जाते, पण त्यासाठी दुसरा घोट घ्यावा लागतो.

आता तापमान. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण भारतात लाल वाइन बिघडते ती सर्वात जास्त इथे. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या जुन्या, थंड घरांमधून आलं आहे. तिथली खोली सोळा-सतरा अंशांची. पुण्यातली मे महिन्यातली खोली ३२-३३ अंशांची. या तापमानाला चौदा टक्के अल्कोहोल ग्लासातून आधी वर येतं, नाकात झोंबतं, घसा जाळतं, आणि त्याच्या मागे फळाचा वास दबून जातो. तुमचा घसा जळण्याचं निम्मं कारण हे आहे, उरलेलं निम्मं रश्श्यात होतं.

भरदार लाल वाइन १६ ते १८ अंशांना द्यावी. घरी थर्मामीटर नको. बाटली फ्रिजमध्ये तास-सव्वा तास ठेवा. खोली खूप तापलेली असेल तर दीड तास. विसरलात तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका, पाण्याशिवाय तो बाटलीला सगळीकडून लागत नाही. हाताला बाटली स्पष्ट गार लागली पाहिजे, पण बिअरसारखी बर्फगार नाही. फार थंड झाली तर टॅनिन आणखी टोचतं आणि वास मिटतो. तेव्हा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून चार-पाच मिनिटं थांबा. मी स्वतः पंधरा-सोळालाच ओततो. आपल्या हवेत ग्लासात ती झपाट्याने तापते आणि दहा मिनिटांत जिथे हवी तिथे येते. ग्लास एक तृतीयांश भरा. थोडी थोडी ओतली की बाटलीत ती गारही राहते, आणि ग्लासात वास जमायला जागाही मिळते.

याच उष्णतेचा दुसरा चटका दुकानात बसतो. काचेच्या शोकेसमध्ये, दिव्याखाली, उभी ठेवलेली बाटली सगळा उन्हाळा काढते. अशा वाइनला शिजवलेल्या मनुकांचा, जामचा, कधी करपलेल्या साखरेचा वास येतो, आणि ताजेपणा काहीच उरत नाही. कॉर्क वर ढकललेलं दिसलं किंवा मानेशी वाइन झिरपल्याची खूण दिसली तर ती बाटली तापलेली आहे असं धरा. कॉर्कचा दोष वेगळा. त्यात ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोदामाचा वास येतो आणि फळ गायब होतं. तुम्ही या दोन्हींपैकी काही लिहिलेलं नाही. तुरटपणा आणि जळजळ हे दोष नव्हेत, म्हणून मी वाइन चांगली असावी असं म्हणतो. दुसरी बाटली आजपासूनच घरातल्या सर्वात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवा. जागा नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, काही आठवड्यांनी काही बिघडत नाही. तळाला थोडा गाळ दिसला तर घाबरू नका. जेवणाच्या आदल्या रात्री बाटली उभी करून ठेवा आणि शेवटचा घोटभर भाग ओतू नका.

चाखण्याबद्दल लोकांना उगाच भीती वाटते. मी नवीन माणसाला चार वाट्या मांडून देतो: लवंगा, काळी मिरी, काळ्या मनुका, आमसूल. आधी लवंग हुंगायची, मग ग्लास. मग मिरी, मग ग्लास. ज्या वाटीनंतर ग्लासातला वास ‘हा, हाच’ असा ओळखीचा वाटतो, ती चव त्या वाइनमध्ये आहे. लवंगेचा वास बहुतेकांना सापडतो, कारण लवंगेतलं युजेनॉल हे वासाचं द्रव्य ओकच्या लाकडातही असतं आणि पिंपातून वाइनमध्ये उतरतं. पिंपं तयार करताना आतून विस्तवावर भाजतात, म्हणून धुराचा, भाजल्याचाही वास येतो.

काळ्या मिरीची गोष्ट जास्त मजेची आहे. शिराझमध्ये मिरीचा वास येतो असं सगळे म्हणत, पण तो कशामुळे ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं: रोटंडोन नावाचं द्रव्य, जे खुद्द काळ्या मिरीतही आहे. त्याच अभ्यासात असंही आढळलं की साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास येतच नाही. तेव्हा सहा जणांच्या तुमच्या टेबलावर एखाद्याला मिरी सापडली नाही तर त्याच्या नाकाला बोल लावू नका. शिवाय थंड प्रदेशातल्या शिराझमध्ये रोटंडोन जास्त असतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी असं चक्र आहे. शिराझचा घड फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात पिकतो. म्हणून माझ्या अनुभवात नाशिकची शिराझ मिरीपेक्षा जांभूळ, काळी मनुका आणि लवंग यांच्याकडे जास्त झुकते. हे तिचं स्वतःचं रूप आहे, ऑस्ट्रेलियाच्या किंवा फ्रान्सच्या मानाने कमी-जास्त ठरवायची गरज नाही.

घोट घेताना एवढंच करा. ग्लास टेबलावरच ठेवून दोन-तीनदा गोल फिरवा, हुंगा, छोटा घोट घ्या, तोंडात सगळीकडे फिरवा, मग गिळा. पहिल्या घोटावर मत देऊ नका, त्याने फक्त तोंड तयार होतं. दुसऱ्या घोटानंतर जीभ हिरड्यांवरून फिरवा. खरखर वाटली आणि काही सेकंदांत विरली, मागे फळाची चव राहिली, तर टॅनिन पिकलेलं आहे. कच्च्या पानासारखा हिरवा कडूपणा बराच वेळ चिकटून राहिला तर द्राक्ष पुरतं पिकलं नसावं, किंवा बियांचा अर्क जास्त उतरला असावा. घशात जळलं तर ते अल्कोहोल. बाटली गार करा. या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की ‘कडू लागते’ या एका तक्रारीचे तीन वेगळे उपाय सापडतात.

डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं रुंद बुडाचं काचेचं भांडं, असेल तर तरुण, टॅनिनदार वाइन तासभर आधी त्यात ओतून ठेवा, हवा लागून ती उघडते. नसेल तर काचेचा स्वच्छ जग चालतो. फक्त उन्हाळ्यात त्या तासात ती पुन्हा तापणार नाही याची काळजी घ्या.

आता जेवण. बेत ठरवण्याआधी दहा मिनिटांचा एक प्रयोग करा. पाहुणे आल्यावर सगळ्यांसमोर केला तर उत्तमच, मी टेस्टिंग रूममध्ये तोच करतो. ताटलीत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, गुळाचा खडा आणि मिरचीचा ठेचा अगदी टोकाला लावण्याइतका. प्रत्येकाआधी एक घोट, मग तो पदार्थ जिभेवर, मग पुन्हा एक घोट. मध्ये पाणी आणि भाकरीचा तुकडा.

मिठानंतर वाइन गोलसर लागेल, कडवटपणा कमी होईल. मीठ कडू चव दाबतं, स्वयंपाकात कारल्याला मीठ लावणारी प्रत्येक आई हे जाणते. लिंबानंतर वाइन कमी आंबट आणि जास्त फळाळ लागेल, कारण तोंडाला आधीच जास्त आंबटाची सवय झाली. पण लिंबू खूप झालं तर वाइन सपाट, पाणचट होईल. गुळानंतर मात्र चेहरा वाकडा होतो. तीच वाइन एकदम आंबट, कडू, पोकळ वाटते. आणि ठेच्यानंतर तोंडात आग. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या उष्णतेच्या संवेदकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. दोघं मिळून एकमेकांना चढवतात. त्यात टॅनिनने लाळेचं बुळबुळीतपण काढून घेतलेलं, म्हणजे जिभेवरचं पांघरूणही गेलं. त्या रविवारी तुमच्या घशाला जे झालं ते हेच.

या प्रयोगातून पदार्थाकडे पाहायची रीत मिळते. मीठ आणि स्निग्धता मदत करतात. आंबट बेताने चालतं. गोड आणि मिरचीचं तिखट बिघडवतात. मांस की भाजी हा प्रश्न त्यानंतर येतो. आणि या चौघांत गरम मसाला कुठेच नाही, हे पाहा. लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, मसाला वेलची यांचा वाइनशी झगडा नाही. उलट त्यातल्या लवंगेचे आणि मिरीचे वास तिच्यात आधीपासून आहेत. आपण मसाला आणि मिरची एकाच कढईत, एकाच चमच्याने घालतो, म्हणून दोघांचा दोष एकत्र मोजतो.

म्हणून माझी पहिली शिफारस नाशिककडच्या काळ्या मसाल्याच्या मटणाची. सुकं खोबरं आणि कांदा थेट विस्तवावर जवळजवळ काळा होईपर्यंत भाजून केलेलं वाटण, त्यात खसखस, धणे, लवंग, दालचिनी, दगडफूल. भाजलेल्या खोबऱ्याचा वास आणि भाजलेल्या पिंपाचा वास एकमेकांना जितके ओळखतात तितकं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. खोबऱ्याचं तेल आणि मटणाची चरबी टॅनिनला शांत करतात. बदल एकच: रंगासाठी बेडगी मिरची घ्या, लवंगी मिरची अजिबात नको, आणि वरची तर्री वाढताना बाजूला काढा. ज्यांना हवी त्यांनी ती वाटीत वेगळी घ्यावी. रस्सा पातळ न ठेवता अंगाबरोबर, दाटसर ठेवा. पातळ, वाफाळता, तिखट रस्सा ओरपताना मध्ये वाइनला जागा राहत नाही. सुकं किंवा दाटसर मटण भाकरीशी चावून खाताना राहते.

कोल्हापुरी थाळीच करायची असेल तर सुकं मटण वाइनसोबत आणि तांबडा रस्सा वाइन संपल्यावर, असा क्रम लावा. पांढरा रस्सा तिखटाच्या दृष्टीने चालेल, नारळाचं दूध आणि खसखस त्यात असतेच, पण त्याची चव नाजूक आहे आणि भरदार शिराझ तिच्यावर बसते. वऱ्हाडी आणि सावजी मटणाला मी या वाइनसोबत बोलावत नाही. ते पदार्थ तिखटासाठीच आहेत, तिखट कमी केलं तर त्यांचा जीव जातो. तिथे थंडगार, किंचित गोडसर चेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन किंवा गुलाबी रोझे द्या. गोव्याकडची शागुती मात्र जमते. भाजलेलं खोबरं आणि मसाला हा पाया तिथेही आहे. व्हिनेगर घातलेलं सोरपोतेल किंवा विंदालू अवघड, आंबट आणि तिखट दोन्ही जोरात असतात.

मासे नकोत. कोकणातल्या मित्रांना हे पटवायला वेळ लागतो, पण बांगडा किंवा सुकट खाऊन लाल वाइनचा घोट घेतला की तोंडात लोखंडासारखी, शिळ्या माशासारखी चव येते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी याचं कारण वाइनमधल्या लोहाशी जोडून दाखवलं. माशाच्या तेलाशी ते लोह भिडतं आणि तो वास तयार होतो.

शाकाहारी दोघांसाठी वेगळा, दुय्यम बेत करू नका. त्यांचं ताटही याच वाइनसाठी रांधा. खानदेशी वांग्याचं भरीत उत्तम: काटक्यांवर किंवा गॅसवर भाजलेलं वांगं, भरपूर तेल, शेंगदाणे, पातीचा कांदा. हिरवी मिरची नेहमीच्या चौथाईवर आणा आणि ती जागा लसणाला द्या. भाजल्याचा धूर पुन्हा ओकशी जुळतो. भरली वांगी आवडत असतील तर तीळ, शेंगदाणा, सुकं खोबरं आणि गोडा मसाला तसाच ठेवा, पण गूळ काढा आणि चिंच अगदी थोडी घाला. गूळ चमचाभर जरी राहिला तरी वाइन उघडी पडते. कोकणी काळ्या वाटाण्यांची आमटी हा माझा स्वतःचा आवडता जोड आहे. भाजक्या खोबऱ्याचं वाटण, कडधान्याची प्रथिनं, दाट रस. ती आमटी आणि तांदळाची भाकरी समोर असली की मला मटणाची आठवण होत नाही. आख्खा मसूरही चालतो, तिखट हात आखडून. मशरूम करणार असाल तर मीठ नीट ठेवा, कारण मशरूमची खोल चव वाइनचा कडवटपणा वर आणते आणि मीठ ती बाजू सांभाळतं. पनीर मी सुचवत नाही. ते इतकं सौम्य असतं की या वाइनसमोर त्याची चवच लागत नाही.

ताटाच्या डावीकडेही लक्ष द्या, कारण चांगला बेत तिथेच बिघडतो. ठेचा, लोणचं, कच्चा कांदा, लसणाची चटणी वाइनबरोबर नकोत. कच्च्या कांद्याचा वास तोंडात बसला की ग्लासातलं काही कळत नाही. त्याऐवजी भाजलेल्या शेंगदाण्याची जाडसर चटणी, मीठ घालून, मिरची जेमतेम. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. भातापेक्षा भाकरी बरी, चावावी लागते आणि तोंड साफ करते. सुरुवातीला चकणा म्हणून खारे शेंगदाणे किंवा मुरलेल्या चेडारचे तुकडे ठेवा. गोडसर चिवडा नको. शेवटी श्रीखंड असेल तर वाइन आधी संपवा. डार्क चॉकलेट आणि रेड वाइन ही जोडी फार ऐकू येते, पण ड्राय शिराझशी मला ती कधीच पटलेली नाही. चॉकलेटची साखर वाइनला कडू करते आणि चॉकलेटचं टॅनिन वाइनच्या टॅनिनवर चढतं.

प्रमाणाचं सांगतो. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. सहा जणांना एक बाटली म्हणजे प्रत्येकी सव्वाशे मिली, एका जेवणाला पुरेशी आणि चव लक्षात राहण्याइतकी. आणखी एक हवी असेल तर शिराझऐवजी कॅबर्ने आणि शिराझ या द्राक्षांचं मिश्रण, जसं ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची सँजोव्हेझे-कॅबर्ने मिश्रणाची सेट्टे घ्या. दोन्ही भरदार आहेत आणि वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे. परदेशातले वाचक ऑस्ट्रेलियाच्या बरोसा भागातली शिराझ घेत असतील तर ती बहुधा आणखी पिकलेली आणि जास्त अल्कोहोलची असते. तिखट त्यांनी आणखी एक पायरी खाली आणावं.

तुमच्या पहिल्या बाटलीतली उरलेली वाइन ओट्यावर आठवडाभर राहिली असेल तर ती आता पिण्याची राहिलेली नाही. पुढच्या वेळी बूच घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये ठेवा, लाल वाइनसुद्धा. दोन-तीन दिवस नीट राहते, ओतण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. स्वयंपाकातही आंबलेली वाइन घालू नका. तिचा आंबटपणा आटवल्यावर आणखी गडद होतो.

आता बेताच्या दिवसाचा क्रम. दुपारी वाटण भाजा. संध्याकाळी सहाला बाटली फ्रिजमध्ये. सव्वासातला काढा, उघडा, एकट्याने एक घोट घ्या आणि ती ठीक आहे ना ते पाहा. पाहुणे आले की मीठ-लिंबू-गूळ-ठेचा प्रयोग करा, यात सगळे मिळून निम्मा ग्लास जातो आणि गप्पा सुरू होतात. मग भरीत, काळा वाटाणा, मटण, भाकरी, लोणी एकदमच मांडा. आणि मटण चाखताना लक्षात आलं की मिरची तरीही जास्त पडली आहे, तर घाबरून वाइन बदलू नका. दाट नारळाचं दूध पाऊण वाटी घालून मटण पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा, मीठ पुन्हा पाहा, भाकरीवर लोणी जरा सढळ वाढा आणि बाटली आणखी दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा.